मागच्या बाकापर्यंत शिकवायचं कसं, हे प्राध्यापकांनी कुठे शिकायचं?

जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा. प्रथम वर्षाचा वर्ग गच्च भरलेला, ओल्या छत्र्या भिंतीला टेकवलेल्या. तास रंगात आलेला असताना ऑफिसचे मामा नोटीस घेऊन दारात उभे राहतात. सर ती मोठ्याने वाचतात. "एससी, एसटीच्या मुलांनी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला उद्या अकरापर्यंत ऑफिसला यायचं आहे. कोण कोण आहात? हात वर करा बरं." पाच-सहा हात जेमतेम खांद्यापर्यंत वर जातात. शेजारचे वळून बघतात. सर सही करून नोटीस परत देतात आणि तास पुढे सुरू होतो.

सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलांचे पैसे बुडू नयेत, एवढीच काळजी होती. पण वर्गात अजून कुणाशी धड ओळख न झालेल्या त्या मुलांची पहिली ओळख काय असणार, हे त्या अर्ध्या मिनिटात ठरून गेलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणातल्या समतेसाठी नियमावली काढली. विद्यार्थ्यांची जात, जमात, धर्म किंवा प्रदेश वर्गात जाहीर करणं हा भेदभाव आहे, असं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मीही नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं अशा नोटिसा वाचल्या आहेत. हा नियम मला नेमणुकीच्या वेळी कुणी सांगितला नाही आणि पुढे केलेल्या कोर्समध्येही कुणी त्याचा उल्लेख केला नाही. बऱ्याच वर्षांनी एका सहकाऱ्याने सांगितला. तोवर कितीतरी हात तसेच अर्धवट वर गेले होते. ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे, म्हणून हा लेख.

विषय आहे महाविद्यालयीन प्राध्यापकांचं प्रशिक्षण, आणि त्यातही एकच भाग. वर्गातल्या प्रत्येकापर्यंत शिकवणं पोहोचावं यासाठी शिक्षकाने काय शिकायला हवं? सरकारी कागदांत याला समानता, समन्याय, समावेशन असे शब्द असतात. ते आधी जमिनीवर आणू.

समजा, प्रात्यक्षिकाची जादा तुकडी संध्याकाळी चार ते सहा ठेवली. सूचना सगळ्यांना सारखी, सवलत कुणालाच नाही. ही समानता झाली. पण पंचवीस किलोमीटरवरच्या गावाची शेवटची एसटी साडेचारला सुटते, आणि ती चुकली तर त्या मुलीचं कॉलेजच बंद होण्याची भीती आहे. अशा वेळी तिच्यासाठी सकाळच्या तुकडीत जागा करणं म्हणजे समन्याय. मुळात वेळापत्रक ठरवतानाच एसटीच्या वेळा समोर ठेवणं, म्हणजे तिला विनंतीअर्ज घेऊन यायची वेळच येऊ नये, हे समावेशन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. घड्याळ कुणाच्या सोयीने लावायचं, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता.

आज या प्रश्नाचा आवाका फार मोठा आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यात मुली सुमारे २.०७ कोटी, अनुसूचित जातींचे विद्यार्थी ६६ लाख, अनुसूचित जमातींचे २७ लाख आणि इतर मागासवर्गाचे १.६३ कोटी. आकड्यांच्या पलीकडचं चित्र शिक्षकाला रोज दिसतं. घरातून कॉलेजात आलेली पहिलीच व्यक्ती असलेला मुलगा. घरी पावरी किंवा कोरकू, शाळेत मराठी आणि आता एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसलेली मुलगी. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला गेले की धाकट्या भावंडांना सांभाळत दुसरं सत्र काढणारी, मस्टरवर सतत गैरहजर दिसणारी मुलं. यांना प्रवेश मिळाला. पण प्रवेशाचं दार उघडणं ही राखीव जागांची आणि फी-सवलतीची गोष्ट आहे. आत आल्यावर काय होतं, ते शिकवणाऱ्याच्या हातात असतं.

शिकवायला कुणी शिकवलंच नाही

पहिलीच्या वर्गाला शिकवायचं तर डी.एल.एड. लागतं. नववी-दहावीसाठी बी.एड. लागतं. महाविद्यालयात मात्र नेट, सेट या पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. पुरते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर काही बहुपर्यायी प्रश्न असतात, पण वर्गासमोर उभं राहून शिकवून दाखवा आणि कुणीतरी ते बघून दुरुस्त करील, असं काही नसतं. आपल्याला जसं शिकवलं गेलं, तसंच आपण पुढे शिकवतो. आपल्याला पहिल्या दोन बाकांकडे बघून शिकवलं असेल, तर आपणही तिकडेच बघतो.

ही उणीव धोरणकर्त्यांच्या लक्षात आली नव्हती असं नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांमध्ये अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रं झाली आणि २०२३ पासून तीच मालवीय मिशन या केंद्र सरकारच्या शिक्षक-प्रशिक्षण योजनेची केंद्रं म्हणून ओळखली जातात. नव्या शिक्षकांसाठी काही आठवड्यांचं ओरिएंटेशन किंवा इंडक्शन आणि नंतर आपापल्या विषयाचा दोन आठवड्यांचा रिफ्रेशर, अशी ढोबळ रचना. मालवीय मिशनच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात आठ विषय आहेत. विद्यार्थ्यांमधली विविधता आणि समावेशक शिक्षण हा त्यातला एक. म्हणजे विषय कागदावर आला आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे.

अडचण पुढे आहे. हे कोर्स पदोन्नतीच्या नियमांना बांधलेले आहेत. स्थाननिश्चितीच्या, म्हणजे वरची श्रेणी मिळवण्याच्या, फाइलीत प्रमाणपत्र लागतं, म्हणून कोर्स केला जातो. त्यात प्राध्यापक श्रोता असतो. समतेवरचं व्याख्यान ऐकतो, राज्यघटनेची कलमं लिहून घेतो, शेवटी बहुपर्यायी चाचणी देतो आणि सोमवारी वर्गात जाऊन पूर्वीसारखंच शिकवतो. माझ्या मते चूक विषयाच्या आकलनात आहे. समता ही चांगल्या मनाची गोष्ट आहे, त्यामुळे चांगली भाषणं ऐकून मनं चांगली झाली की काम झालं, असं आपण धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात हे कसब आहे. तबल्याच्या बोलासारखं हाताला बसवावं लागतं. आणि ते कोणत्या जागी बसवायचं, हे संशोधनातून बऱ्यापैकी कळलेलं आहे.

हात वर करायला सांगितल्यावर नेमकं काय होतं

पुन्हा त्या नोटिशीकडे येऊ. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, जितकी सुटतील तितके पैसे. जातीचा उल्लेख केला नाही, तेव्हा तथाकथित उच्च आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुलं जवळपास सारखीच कोडी सोडवत होती. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. कोडी तीच, वेळ तोच. पण दलित मुलांची कामगिरी घसरली आणि दोन गटांत दरी पडली.

मुलांची बुद्धी पाच मिनिटांत कमी झाली नव्हती. आपल्याकडे कसं बघितलं जाणार, हे ओळखीचं ओझं डोक्यावर आलं. शिवाय परीक्षक आपल्याला न्याय देतील का, ही शंकाही आली असेल. हा प्रयोग वाचल्यावर शिष्यवृत्तीची नोटीस वर्गात वाचणं मला शक्यच राहिलं नाही. फॉर्मची माहिती सगळ्या वर्गाला द्यावी, सगळ्या योजनांची द्यावी, ती फलकावर लावावी, मोबाइलवर पाठवावी. ज्याला लागू आहे तो येईल. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

दुसरा अभ्यास गुण देण्यासंबंधीचा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतात मुलांसाठी एक परीक्षा-स्पर्धा घेतली. पेपर तपासायला शिक्षक बोलावले, पण प्रत्येक पेपरावर जात, लिंग, वय अशी माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही लावली. त्यामुळे पेपराचा दर्जा आणि त्यावरची जात यांचा काही संबंधच उरला नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्या पेपरांवर खालच्या मानल्या गेलेल्या जातींची नावं होती त्यांना थोडे कमी गुण पडलेले दिसले. फरक लहान होता, पण ठळक होता. दोन बारकावे मला फार महत्त्वाचे वाटतात. एक, हा फरक त्याच जातींतून आलेल्या परीक्षकांमध्येही होता, किंबहुना त्यांच्यातच अधिक दिसला. म्हणजे "ते लोक असं करतात" म्हणून हात झटकता येत नाहीत. हा ठसा आपल्या सगळ्यांच्या मनावर उमटलेला आहे. दुसरा बारकावा, गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांत भेदभाव जास्त होता. गुण कसे द्यायचे हे परीक्षकाच्या मनात अजून पक्कं झालेलं नसतं, तेव्हा मन दुसरा आधार शोधतं, आणि आडनाव हा आधार समोरच असतो.

विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. पण अंतर्गत गुणांचं काय? ट्यूटोरियल, जर्नल, प्रकल्प, तोंडी परीक्षा, "वर्गातली वर्तणूक" या सगळ्या ठिकाणी नाव, आडनाव, चेहरा, बोलण्याची ढब, सगळं समोर असतं. आपलं प्रशिक्षण इथे हवं. उत्तरसूची आणि गुणांची विभागणी पेपर हातात घेण्याआधी लिहून ठेवणं. पहिलं पान दुमडून तपासणं. एका मुलाचा पूर्ण पेपर एका दमात तपासण्यापेक्षा सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं जाणं. आणि गठ्ठा संपला की पहिले दहा पेपर पुन्हा उघडून बघणं. हे शेवटचं मी दर वेळी करते, आणि जवळजवळ दर वेळी एखाद-दुसरा गुण बदलावा लागतो.

बर्कलेची गोष्ट

"मग काय पास होण्यापुरतं सोपं करून शिकवायचं का? दर्जा घसरेल." समावेशनाचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये हे वाक्य हमखास येतं. ते बोलणाऱ्यांच्या मनात विषयाबद्दलची कळकळ असते, हे मला मान्य आहे. म्हणून इथे थोडं थांबून अमेरिकेतली एक गोष्ट सांगते.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारात युरी ट्रीसमन नावाचा तरुण गणितज्ञ नव्या शिक्षकांना कॅल्क्युलस शिकवायचं प्रशिक्षण देत होता. त्याच्या लक्षात आलं की कृष्णवर्णीय विद्यार्थी या विषयात मोठ्या संख्येने नापास होतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम गुण मिळवतात. त्याने प्राध्यापकांना कारण विचारलं. उत्तरं आपल्याही ओळखीची आहेत. त्यांना जिद्द नाही. शाळेचा पाया कच्चा आहे. घरी शिक्षणाचं वातावरण नाही. घरची गरिबी आहे.

ट्रीसमनने यातल्या कशावर विश्वास ठेवण्याआधी मुलांकडे जाऊन बघायचं ठरवलं. दोन्ही गटांतल्या वीस-वीस विद्यार्थ्यांच्या मागे तो आणि त्याचे सहकारी दीर्घकाळ राहिले, ते कुठे बसून अभ्यास करतात, कुणाशी बोलतात ते टिपत गेले. प्राध्यापकांनी सांगितलेलं एकही कारण टिकलं नाही. ही कृष्णवर्णीय मुलं आपापल्या शाळांमधली हुशार मुलं होती, घरच्यांना त्यांच्या शिक्षणाची मोठी आस होती, आणि ती कष्टही करत होती. पण एकेकटी. अभ्यास एकीकडे, मित्रमंडळी दुसरीकडे. अडलेलं गणित चुकतंय की बरोबर आहे, आपणच कमी पडतोय की प्रश्नच अवघड आहे, हे कळायला त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. चिनी मुलं आधी एकेकटी सोडवत आणि मग रात्री जेवताना एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत, जुने पेपर सोडवत, प्राध्यापक कसे विचार करतात यावर बोलत.

ट्रीसमनने जादा तासांचे "कच्च्या मुलांचे" वर्ग काढले नाहीत. त्याने गट केले आणि त्यांना नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली, एकट्याला सहज न सुटणारी. एकत्र बसून, बोलून, भांडून सोडवायची. या गटांतल्या विद्यार्थ्यांचे निकाल झपाट्याने सुधारले, आणि पुढे अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली. दर्जा खाली आला नाही, वर गेला.

मला या गोष्टीतली सर्वांत मोलाची जागा मधली वाटते. अंदाज बाजूला ठेवून मुलं प्रत्यक्ष काय करतात ते बघणं. आपल्याकडच्या कोणत्या प्रशिक्षणात प्राध्यापकाला सांगतात की, जा, तुमच्या वर्गातल्या नापास झालेल्या चार मुलांबरोबर एक संध्याकाळ वसतिगृहात बसा, आणि ती अभ्यास कसा करतात ते लिहून आणा?

रोजच्या तासातल्या छोट्या जागा

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो? मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं, तर सरासरी सुमारे एक सेकंद. मग शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. आपल्या वर्गांत तर मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी प्रश्न आधी मनात मराठीत करते, उत्तर मराठीत जुळवते आणि मग त्याचं इंग्रजी शोधते. एका सेकंदात यातलं काय होणार? तोवर पहिल्या बाकावरच्या मुलाने उत्तर दिलेलं असतं. म्हणून आधी सगळ्यांनी वहीत दोन ओळी लिहा, मग शेजाऱ्याला मराठीत सांगा, मग वर्गात बोलू, हा क्रम फार कामाचा आहे. "समजलं का?" या प्रश्नाला "हो मॅडम" याशिवाय उत्तर मिळत नाही, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे.

भाषेबद्दल आणखी थोडं. अनेक विद्यापीठांत कला-वाणिज्य शाखांना मराठीतून उत्तर लिहायची मुभा असते, विज्ञानाच्या मुलांची मात्र ओढाताण होते. संज्ञा इंग्रजीच राहू द्या, पण कल्पना आधी मायबोलीत पक्की होऊ द्या. आणि प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं वेगळी शिकवा. 'डिस्कस', 'जस्टिफाय', 'कम्पेअर' यांत उत्तर कसं बदलतं, हे कळत नाही म्हणून विषय येत असूनही गुण गेलेली मुलं मी दर सत्रात बघते.

आता गृहपाठ. "प्रकल्प: आपल्या गावातील पाणीप्रश्न. गुण १०." फलकावर एवढंच लिहिलं की शिक्षकाच्या मुलाला कळतं काय करायचं. त्याच्या घरी विचारायला माणूस असतं. शेतमजुराच्या मुलीला किती पानं, कुणाशी बोलायचं, स्वतःचं मत लिहायचं की पुस्तकातलं उतरवायचं, यातलं काहीच कळत नाही, आणि विचारायची भीड वाटते. मेरी-ॲन विंकेल्मेस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात संस्थांमध्ये एक साधी गोष्ट करून बघितली. प्रत्येक कामासोबत हे काम कशासाठी, नेमकं काय करायचं आणि गुण कशावर, या तीन गोष्टी लिहून आणि बोलून स्पष्ट करायच्या. २०१६ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास आणि "मी इथला आहे" ही भावना वाढली, आणि हा लाभ पहिल्या पिढीच्या, गरीब घरच्या विद्यार्थ्यांना अधिक झाला. शिक्षकाला सत्रात एक-दोनच कामं अशी नव्याने लिहायची होती.

आणखी एक मोठा अभ्यास २०२० सालचा, अमेरिकेतल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांचा. नुसत्या व्याख्यानाऐवजी मुलांना वर्गात करायला, बोलायला, सोडवायला लावलं, तर वंचित गट आणि इतर विद्यार्थी यांच्यातली परीक्षेच्या गुणांतली दरी ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्णतेतली ४५ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मात्र तासाचा बराचसा वेळ असा जात होता, तिथेच हे घडलं. अधूनमधून एखादा प्रश्न विचारून चालत नाही.

अपंग विद्यार्थ्यांबाबत मात्र आपल्याकडे भयंकर अज्ञान आहे, माझंही होतं. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवल्या. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, हेही बहुतेक कॉलेजांत मिळतं. पण तासाचं काय? "हे बघा, हे इकडून तिकडे गेलं" असं फळ्यावर बोट ठेवून म्हटलं की अंध मुलाच्या हाती काही लागत नाही. फळ्याकडे तोंड करून बोललं की ओठ वाचणाऱ्या मुलीचं वाक्य हरवतं. आणि नोट्स. मोबाइलवर फोटो काढून केलेली पीडीएफ पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स ते वाचतं, पण ऐकू येतात निरर्थक अक्षरं. कितीतरी विभागांच्या वर्षानुवर्षांच्या नोट्स अशाच फॉन्टमध्ये पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणणं हे एखाद्या रिफ्रेशरचं संपूर्ण काम होऊ शकेल.

मग प्रशिक्षण कसं असावं

एका दिवसाच्या कार्यशाळेने माणसाचं बोलणं बदलतं, वागणं सहसा बदलत नाही. शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यास करणारे ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी हे १९८० च्या दशकातच मांडलं होतं. सिद्धांत ऐकून, प्रात्यक्षिक बघून, एवढंच काय सराव करूनही नवी पद्धत वर्गात टिकत नाही. स्वतःच्या वर्गात ती वापरताना सोबत कुणीतरी सहकारी बघणारा, बोलणारा लागतो.

म्हणजे आपल्याकडे काय करता येईल? सहा-आठ शिक्षकांचा एक गट, शक्यतो वेगवेगळ्या विषयांचा. पूर्ण एक सत्र. दर पंधरा दिवसांनी एक तास भेट. प्रत्येकाने आपल्या वर्गातली एकच अडचण घ्यायची. एकमेकांच्या तासाला मागे बसायचं, हातात वर्गाचा बैठक-नकाशा घेऊन. कोण बोललं, कुणाला विचारलं गेलं, तिथे फुली. बास, शेरेबाजी नाही. माझ्या तासाचा असा नकाशा एका सहकारी मॅडमनी पहिल्यांदा काढला, तेव्हा साऱ्या फुल्या खिडकीच्या बाजूच्या तीन रांगांत होत्या. मला वाटत होतं मी सगळीकडे फिरते. त्यानंतर मी खरोखर फिरायला लागले.

गटाने पाच उत्तरपत्रिकांच्या नाव झाकलेल्या प्रती वेगवेगळ्या तपासून गुण जुळवून बघावेत. सहाव्या आठवड्यात मुलांकडून निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात: काय समजतंय, काय अडतंय, मी काय बदलू. आणि पुढच्या तासाला त्यातली निदान एक गोष्ट बदलून दाखवावी, नाहीतर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात. सत्राच्या शेवटी निकाल फक्त एकूण टक्केवारीत न बघता, कोण गळालं आणि कुठल्या प्रश्नावर गळालं, असा बघावा. मालवीय मिशनच्या केंद्रांनी हे असं गटाचं काम, त्याच्या नोंदींसह, रिफ्रेशरच्या बरोबरीचं मानलं तर स्थाननिश्चितीचा नियमच या कामाला बळ देईल.

दोन माणसांचा विचार केल्याशिवाय मात्र हे सगळं अपुरं राहील. पहिला, वंचित समाजातून आलेला प्राध्यापक. समान संधी कक्ष त्याच्याकडे, शिष्यवृत्ती समिती त्याच्याकडे, वसतिगृहाचं भांडण त्याच्याकडे. "तुम्हाला यातलं जास्त कळतं ना सर" असं म्हणून सगळं त्याच्या अंगावर टाकलं जातं, आणि बाकीचे मोकळे होतात. त्याच्या संशोधनाचा वेळ यात जातो, त्याची मोजदाद कुठेच होत नाही. १९१८ साली डॉ. आंबेडकर सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता. आज माठ राहिला नाही. पण स्टाफरूममध्ये कुणाला फक्त कामापुरती हाक मारली जाते आणि चहाला कुणाला, हे त्या खोलीत बसणाऱ्याला कळतं.

दुसरी व्यक्ती म्हणजे तासिका तत्त्वावरची शिक्षिका. प्रथम वर्षाचे, सर्वांत मोठे आणि सर्वांत अवघड वर्ग कित्येक ठिकाणी तिच्याकडे असतात. पहिल्या पिढीच्या मुलाला कॉलेजात भेटणारी पहिली शिक्षक बहुधा तीच. पण तिला पदोन्नती नाही, म्हणून प्रशिक्षण नाही. वर्षभराच्या नेमणुकीची खात्री नाही, आणि घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. पंधरवड्याच्या बैठकीला ती थांबली, तर तो तास तिला फुकट द्यावा लागतो, आणि पुढचा तास दुसऱ्या कॉलेजात असतो. तेव्हा गटाची वेळ वेळापत्रकात नियमित तासासारखी छापलेली असावी आणि तिच्या मानधनाच्या बिलात तो तास धरावा. बुधवार, तिसरा तास, खोली क्रमांक अमुक. प्राचार्यांनी सत्राच्या सुरुवातीला वेळापत्रकावर सही करतानाच हे होऊ शकतं.